मिस्त्रींचा कान

आमच्या नांदुऱ्याच्या घरमालकांइतका कान लावून जगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तुम्ही-आम्ही माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो, भाजी रंगावरून आणि आंबा वासावरून. मिस्त्री हे सगळं आवाजावरून ओळखत. गावातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, ते फिटर होते. त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असे. चालत्या मशिनीला त्याचं लोखंडी टोक लावायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलं ते ऐकायचं, ही त्यांची विद्या. ही विद्या जिनापुरती राहिली असती तर मिस्त्री चांगले कारागीर म्हणून ओळखले गेले असते. पण ते पेचकस घरी आणत.

मी बी.ए. होऊन नांदुऱ्याच्या हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा खोली मागायला त्यांच्याकडे गेलो. आमच्या सोनाळ्याच्या घरात सही करता येणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठंही गेलो तरी आधी मी पदवीचा उल्लेख करत असे. मिस्त्रींनी पदवीकडे लक्ष दिलं नाही. मला दोन वाक्यं बोलायला लावली, मान तिरपी करून ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, आवाज घशातून येऊन राह्यला, पोटातून नाही. खोली घ्या, पण जेवत जा बरोबर." त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी मला त्यांच्या घरी जेवण ठरलं. ते त्यांनी शेवटपर्यंत चुकवलं नाही आणि मीही नाही.

त्यांच्या कानाच्या गोष्टी गावात पुष्कळ होत्या. एकदा एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या बसच्या बॉनेटला त्यांनी पेचकस लावला आणि आत बसलेल्यांना सांगितलं, "उतरा. हे पुढं जात नाही." मिस्त्रींचा शब्द म्हणून निम्मी बस उतरली. बस निम्मीच भरून गेली आणि वेळेच्या आधी पोचली. उतरलेले लोक तीन तास पुढच्या बसची वाट पाहत मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडत बसले. मिस्त्री जराही शरमले नाहीत. "आज गेली," म्हणाले, "उद्याचं पाहा." दुसऱ्या दिवशी ती बस गावाच्या वेशीबाहेर बंद पडली, आणि त्यानंतर तिचा ड्रायव्हर मिस्त्री दिसले की गाडी सुरू ठेवून, ते काय सांगतात म्हणून त्यांच्याकडे बघत बसायचा. पावसाळ्यात जीन बंद असे. त्या महिन्यांत तेलाची कुप्पी घेऊन मिस्त्री आळीत फिरत आणि जे जे कुरकुरत असेल त्यात तेल सोडत. रहाट, पाळणे, सायकली, दारं. एका म्हातारीनं त्यांच्याशी यावरून मोठं भांडण केलं. तिच्या दाराचा आवाज बंद झाल्यामुळे सून केव्हा बाहेर जाते आणि केव्हा येते ते तिला कळेनासं झालं होतं. मिस्त्रींनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माय, दार बरोबर आहे. आता तुमचा आवाज कुरकुरून राह्यला."

लग्नसुद्धा त्यांनी कानानंच केलं. तरुणपणी आदिलाबादकडच्या एका जिनात इंजिन बसवायला त्यांना चार महिने पाठवलं होतं. तिथल्या मुकादमाची मुलगी विहिरीवरून कुणाला तरी हाका मारत होती. मिस्त्री मला सांगत, "एक अक्षर समजलं नाही मास्तर, पण आवाज बरोबर होता." इंजिन बसलं, पण मिस्त्री परत येईनात. शेवटी आले ते बायको घेऊनच. त्याच आमच्या वहिनी. मुलीला मराठी येत नव्हतं, त्यांना तेलुगू येत नव्हतं, म्हणून सुरुवातीचा संसार दोघांनी हिंदीत केला, आणि तीसुद्धा तिच्याकडची हिंदी. पुढं वहिनींनी मराठी उचललं, पण त्यात भात नेहमी 'आली' आणि गाडी नेहमी 'आला'. मिस्त्रींनी तेलुगू उचललं ते त्याहून भयंकर. तेलुगूत 'नीकु' म्हणजे तुला. पण आपला वऱ्हाडी 'ले' लावल्याशिवाय 'तुला' झालं असं मिस्त्रींना वाटतच नसे. ते दुपारी घरात शिरताना बायकोला विचारत, "नीकुले आकली लागली का?" आकली म्हणजे भूक. वहिनी म्हणत, "लागला." असं दोघांचं उत्तम चाललं होतं.

घरात मिस्त्रींची विधवा थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे नणंद-भावजयीचं निदान एका शब्दावर तरी कधी भांडण झालं नाही. बाकी भांडायला अंबाडी होती. वहिनींच्या माहेरी अंबाडीच्या पाल्याची चटणी करत आणि अक्का त्याच पाल्याची भाजी करून ज्वारीच्या कण्यांबरोबर वाढत. अंबाडी मुळात कुणाकडची, यावर दोघी चुलीच्या दोन बाजूंनी वाद घालत, आणि मिस्त्री दोन्ही वाट्या संपवून म्हणत, "पाला कापसाच्या वावरातला आहे. कापूस दोन्हीकडं आहे. पुढं बोला." महाराष्ट्र तेव्हा नुकता झाला होता. शाळेत मी नव्या नकाशावर छडी ठेवून मुलांना समजावत असे की आता एकेका भाषेला आपापलं घर मिळालं आहे. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा मिस्त्रींचा सहा वर्षांचा राजू अंगणातून ओरडायचा, "नान्ना, पालु सांडले न, अक्का मले मारून राह्यली." नान्ना म्हणजे बाप, पालु म्हणजे दूध, आणि बाकीचं वऱ्हाडी. आळीतल्या पोरांना वाटे की मिस्त्रींचं नावच नाना आहे.

राजूच्या पाठीवरची मुलगी चिट्टी. वहिनींकडे छोट्याला लाडानं चिट्टी म्हणतात. पोस्टमन तिला पाहिलं की विचारायचा, "काय चिठ्ठी, कोणाकडून आली?" चिट्टी त्याच्याकडे टक लावून पाहायची आणि काही बोलायची नाही. पोस्टमनशीच नव्हे, ती कुणाशीच बोलत नसे. तिला तीन वर्षं पुरी होऊन वर काही महिने झाले होते. ऐकू तिला उत्तम येई. बापाच्या सायकलीचा आवाज कोपऱ्यावर आला की ती दाराकडे धावे. पण तोंडातून शब्द निघत नव्हता. सुरुवातीला मिस्त्री हसण्यावारी नेत. "नवी मशीन आहे. तापाले वेळ लागते." मग हळूहळू त्यांनी हसणं सोडलं. मुलगी झोपली असली की ते तिच्या छातीशी कान नेऊन बसत. पेचकस नाही, नुसता कान.

एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. मागोमाग अक्का आली आणि दारातच उभी राहिली. वहिनी पलीकडे स्वयंपाकघरात चुलीपाशी होत्या, पण उघड्या दारातून त्यांचे हात थांबलेले मला दिसत होते.

"मास्तर," मिस्त्री म्हणाले, "तुमी बी.ए. आहा. पोरगी काऊन बोलत नाही?"

"मी सांगते काऊन," अक्का म्हणाली. "एवढंसं तोंड लेकराचं, त्यात तीन तीन भाषा कोंबल्या. कोन्ती आधी बाहेर येईन? दारातच अडकल्या साऱ्या."

मला वाटतं, खरं उत्तर मला माहीत नाही हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पदवीचं नाव घेऊन विचारल्यावर माहीत नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अक्कांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लहान मुलाच्या कानावर एकच भाषा पडायला हवी. शाळा मराठी, गाव मराठी. तेव्हा घरातही मराठीच ठेवा. तीन रंग एकत्र कालवले तर कोणताच रंग दिसत नाही." रंगांचा दाखला मला त्याच वेळी सुचला होता आणि मी त्याच्यावर खूश होतो.

मग वहिनी म्हणाल्या, "बरं, अन्ना. तसंच करते." त्या मला अन्ना, म्हणजे थोरला भाऊ म्हणत. खरं तर मी त्यांच्याहून धाकटा होतो.

त्यांनी तसंच केलं. तोवर त्या चिट्टीशी दिवसभर पुटपुटत असत. वेणी घालताना, आंघोळ घालताना, ज्वारी पाखडताना, मांडीवर घेऊन दूध पाजताना त्यांचं तेलुगू नळाच्या बारीक धारेसारखं वाहत असे. ती धार बंद झाली. मराठीत त्यांना पुटपुटता येत नव्हतं. मराठीत त्यांना काम सांगता येई. मग चिट्टीच्या वाट्याला चार शब्द उरले, "ये, बस, खा, नीज." राजूच्या तोंडून पालु निघून गेलं की तो स्वतःच जिभेवर बोट ठेवायचा. अंबाडीचा वादही थांबला, कारण वहिनी अक्काच्या प्रत्येक बोलण्याला "हो" म्हणू लागल्या. पहिल्या आठवड्यात अक्काला जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याजवळ कुरकुरली, "काहीही म्हना, हावच म्हनते. भिंतीशी बोलल्यावानी वाटते, मास्तर."

तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री माझ्या खोलीत आले. मी पेपर तपासत होतो. मला काही न विचारता त्यांनी पेचकसाचं टोक मधल्या भिंतीला लावलं आणि मुठीशी कान नेला. भिंतीपलीकडे त्यांचंच स्वयंपाकघर होतं.

"घर चालून राह्यलं," ते म्हणाले, "पण आवाज बरोबर नाही."

"वेळ लागेल, मिस्त्री," मी म्हणालो.

"तुमी जिनात आले कधी? लाइनीनं मशिनी आहेत. एकीचा पट्टा काढला तं ती बंद पडते, हे कोनालेही समजते. पन बाकीच्यांचाही आवाज बदलते, ते मले समजते." त्यांनी पेचकस खाली घेतला. "तुमचं पुस्तक खोटं नसंन मास्तर. पन मी तिचा आवाज ऐकून तिले इथं आनली. तो बंद करून मी घरात काय ऐकू?"

मी पुढचा पेपर ओढला.

त्यानंतरच्या रविवारी मी जेवायला गेलो तर सगळ्यांची ताटं एकाच वेळी मांडलेली. तेव्हाच्या घरांत असं होत नसे. पुरुष आणि मुलं आधी, बाया मागून. वहिनी संकोचून एका कडेला बसल्या होत्या. चिट्टी त्यांना चिकटून बसली होती. अक्का भाताचं पातेलं घेऊन वाढायला उभी होती. ते मिस्त्रींनी तिच्या हातातून घेतलं.

"आज मी वाढतो."

"काऊन बे? माहे हात झडले का?" अक्का म्हणाली.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी वहिनींच्या ताटात भात वाढला आणि आपल्या त्या तेलुगूत विचारलं, "नीकुले अन्नम पायजे का?" अन्नम म्हणजे भात. वहिनींनी मान खाली घातली आणि मराठीत म्हणाल्या, "नको."

"का म्हनते? मले मराठी समजत नाही." त्यांनी आणखी एक पळी वाढली.

"घ्या," अक्का माझ्याकडे पाहून म्हणाली. "चाळीस वर्साचा घोडा, अन् याले मराठी समजत नाही."

"बस," वहिनी म्हणाल्या.

"बसलोच तं आहो." आणखी एक पळी.

"पुरे. ऐका न. पुरे."

"आंध्रातले शब्द असतीन तं सांग. मले तेच समजतात." पळी, पुन्हा पळी. राजू हसायला लागला. मलाही आधी गंमत वाटली. मग माझं लक्ष मिस्त्रींकडे गेलं. ते बायकोकडे पाहतच नव्हते. मान तिरपी करून, डोळे मिटून, ते वाढत होते आणि ऐकत होते. वहिनींच्या ताटात भाताचा डोंगर झाला होता आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्याच भातावर पडत होतं. तरी ओठ घट्ट मिटलेले. मला दिलेला शब्द त्या पाळत होत्या.

तेवढ्यात चिट्टी गुडघ्यांवर उभी राहिली. तिनं आपले दोन्ही तळहात आईच्या भातावर ठेवले आणि वर बापाकडे पाहून, जरा वैतागून, वर्षानुवर्षं बोलत असल्यासारखी म्हणाली, "चालु."

पळी हवेतच राहिली. सगळ्यांत आधी अक्काला कंठ फुटला. "ऐकलं का? बोलली पोरगी. चालू म्हनते, चालू ठेव म्हनते. वाढ बे, पाहून काय राह्यला?" आणि भावाच्या हातातली पळी घेऊन तिनं स्वतःच आणखी भात वाढला. चिट्टीनं तिचा हात ढकलला. आता ती चांगलीच रागावली होती. "चालु, अत्ता."

"पाह्य, आत्ता म्हनते," अक्का म्हणाली. "आत्ताच्या आत्ता वाढ म्हनते." आणि ती पुन्हा पातेल्याकडे वळली.

त्याबरोबर वहिनींचं हसू आणि रडू एकदमच फुटलं. त्यांनी मुलीला ओढून छातीशी धरलं आणि तीन आठवडे कोंडलेलं सगळं तेलुगू त्यांच्या तोंडून धो धो सुटलं. मला एक अक्षर समजलं नाही. राजू मात्र जमिनीवर लोळत हसत होता आणि मधूनमधून आम्हाला समजावत होता. "अक्का, चालु म्हंजे पुरे. अम्माच्या भाषेत पुरे. अन् अत्ता म्हंजे आत्या, तू. ते म्हनते, आत्या पुरे कर."

"जाय बे," अक्का म्हणाली. "साफ मराठी बोलली पोरगी. म्या माह्या कानानं ऐकलं."

मग डोळे पुसत वहिनींनी आपल्या मराठीत जे सांगितलं, ते मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच जेवणाला अक्कानं त्यांना वाढलं होतं. पोट भरल्यावर त्या म्हणाल्या, चालु. अक्कानं आणखी वाढलं. त्या पुन्हा म्हणाल्या, चालु, चालु. अक्कानं दुप्पट वाढलं. नव्या घरात ताटात टाकायचं कसं, म्हणून त्यांनी ते सगळं संपवलं आणि दोन दिवस पोट धरून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून 'पुरे' हा मराठी शब्द शिकून घेतला. "त्या दिवसानंतर मी ती शब्द मोठ्यानं नाही बोलली," वहिनी म्हणाल्या. "फक्त हिच्यासंगं. दूध पाजताना."

अक्का पातेलं घेऊन तशीच उभी होती. "मले वाटलं," ती म्हणाली, "पोरगी माहेरी उपाशी राह्यली असंन. खाऊ द्या बिचारीले." मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि वहिनींच्या ताटातला निम्मा भात आपल्या ताटात काढून घेतला. आपला मुद्दा मात्र तिनं सोडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमी सांगा. बी.ए. आहा. कोन्त्या भाषेत बोलली पोरगी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. त्या घरात मी दिलेलं हेच एक उत्तर बरोबर निघालं. वहिनींना मी म्हणालो, "माझं चुकलं, वहिनी." त्या म्हणाल्या, "जाने दो, अन्ना. भात थंडी होऊन राह्यली, जेवा."

निवाडा मिस्त्रींनी दिला. त्यांनी डोळे उघडले, चिट्टीच्या हाताला चिकटलेली शितं एकेक करून काढली आणि म्हणाले, "चालू झाली. आता चालु." एवढं बोलून ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले. जेवण अजून व्हायचं होतं. ते बराच वेळ आत आले नाहीत, आणि त्यांना बोलवायलाही कुणी गेलं नाही.

चिट्टी पुढं इतकी बोलू लागली की मला पेपर तपासायला शाळेत जाऊन बसावं लागे. कोणत्या माणसाशी काय बोलायचं हे तिला न शिकवता कळलं. आत्याशी वऱ्हाडी, आईशी तेलुगू, बापाशी दोन्ही, आणि माझ्याशी माझं पुस्तकी मराठी, माझ्यासारखीच मान उंच करून.

त्या दिवाळीला मी सोनाळ्याला गेलो. अमरावतीला कॉलेजात गेल्यापासून मी आईशी घरातही 'मला-तुला' असं शुद्ध बोलत आलो होतो. मी काही विचारलं की आई "हो" म्हणे, किंवा "बरं" म्हणे, आणि पदर सावरून बसे. वय झालं की माणूस कमी बोलतो, अशी मी माझी समजूत घातली होती. त्या दिवशी दुपारी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "माय, मले भूक लागली."

आईचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आला का रे बाप्पा?" मी सकाळीच आलो होतो.

मग ती बोलायला लागली. म्हैस, मामीचं दुखणं, सातपुड्याच्या बाजूनं आलेली रानडुकरं, शेजारणीनं केलेली चहाडी, मी कॉलेजात होतो तेव्हाच्या कितीतरी गोष्टी. तव्यावरची भाकरी करपली तरी ती बोलतच होती.

नांदुऱ्याला परत गेल्यावर हे मिस्त्रींना सांगायचं मी ठरवलं होतं. पण सांगताना आवाज नीट राहील याची खात्री वाटेना, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांच्यापासून काही लपत नसे, म्हणून आज-उद्या करत राहिलो. पुढच्या वर्षी माझी बदली धाड नावाच्या गावी झाली. काही वर्षांनी ते जीन बंद पडलं आणि मिस्त्री सगळ्यांना घेऊन आदिलाबादकडे निघून गेले, असं कुणाकडून तरी कळलं. मी टाकलेलं पत्र परत आलं. मिस्त्री कुठं असतील, कोणत्या मशिनीला कान लावून बसले असतील, मला ठाऊक नाही. मला एवढंच वाटत राहतं की कधीतरी एका रविवारी त्यांना सोनाळ्याला जेवायला न्यायला हवं होतं. माझ्या आईचा आवाज त्यांनी एकदा ऐकायला हवा होता.